उत्तर जुळलं, पण कशाशी?

या ब्लॉगवर मी सहसा एखादा शोधनिबंध घेते आणि त्यातलं काय पटलं, काय नाही ते लिहिते. आज परीक्षण करायला घेतलंय ते कुठल्या निबंधाचं नाही. बारावीचा केमिस्ट्रीचा पेपर सुटल्यावर पुढचा अर्धा तास जे चालतं, त्याचं. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यात राहणाऱ्यांना वेगळं सांगायला नको. शाळेच्या गेटबाहेर, रिक्षा स्टँडवर, स्टेशनच्या पुलावर, कर्जत लोकलच्या दारात, हातात चुरगळलेली प्रश्नपत्रिका आणि "तुझं किती आलं?"

तुम्ही पेट, सेट, नेटची तयारी करताय, कोणी एम.एस्सी.च्या प्रोजेक्टमध्ये आहे. मग शाळेतल्या मुलांचं इथे काय काम? तर माझं म्हणणं असं, की संशोधनात आपण निकाल कसा तपासतो, "बरोबर" कशाला म्हणतो, मतभेद झाला की काय करतो, याच्या सवयी याच अर्ध्या तासात लागतात. आणि त्यातल्या बऱ्याच सवयी पुढे लॅबमध्ये मोडून काढाव्या लागतात. काही मोडतच नाहीत.

आधी चांगलं सांगते. वर्षभरात हा एकच प्रसंग असा, की मुलं कोणी न सांगता रसायनशास्त्रावर भांडतात. इथे ना गुण आहेत ना हजेरी. तरी एक जण प्रश्नपत्रिकेच्या मागच्या कोऱ्या जागेवर पेनाने गणित करून दाखवतो आणि चौघं त्याच्या खांद्यावरून बघतात. हे दृश्य मला अनेक विभागीय सेमिनारपेक्षा जिवंत वाटतं. अडचण त्यापुढे सुरू होते. भांडण मिटवायचं कसं, हे त्यांना कोणी शिकवलेलं नसतं.

एक उदाहरण घेऊ. आकडे मी ठरवलेत, पण गणित काइनेटिक्सच्या धड्यातलं नेहमीचंच. पहिल्या कोटीची अभिक्रिया, ४५ मिनिटांत ६० टक्के पूर्ण होते, हाफ लाइफ काढा. पेपर सुटल्यावर चार मित्रांची चार उत्तरं: ३४.०४ मिनिटं, ३३.९७, ३४.६५ आणि ६१.०६.

आता नेहमी काय होतं? पहिले तिघं म्हणतात, "चौतीसच्या आसपास आहे ना, मग ठीक." चौथ्याचा चेहरा पडतो. मग कोणीतरी क्लासच्या सरांना फोन लावतो, सर ३४.०४ सांगतात आणि विषय संपतो. चौथा मुलगा "गेले दोन मार्क" म्हणत घरी जातो. आपलं कुठे चुकलं हे त्याला कळत नाही. खरं तर पहिल्या तिघांनाही काही कळलेलं नसतं, फक्त त्यांची उत्तरं जवळपास पडली.

थोडं थांबून बघू. वेगस्थिरांक म्हणजे २.३०३ भागिले ४५, गुणिले लॉग (१००/४०). लॉग २.५ म्हणजे ०.३९७९. यातून स्थिरांक ०.०२०३६ दर मिनिटाला येतो. ०.६९३ ला याने भागलं की ३४.०४. दुसऱ्याने स्थिरांक ०.०२०४ असा लिहून घेतला, म्हणून त्याचं ३३.९७. तिसऱ्याने ०.०२० वरच थांबवला, म्हणून ३४.६५. तिघांची पद्धत एकच, समजही एकच. फरक फक्त मध्येच राउंड करण्याचा. बोर्डाच्या पेपरला कॅल्क्युलेटर चालत नाही, लॉग टेबल चालतं, त्यामुळे असे फरक पडायचेच. दिलेली माहिती दोन सार्थ अंकांची आहे हे मानलं, तर प्रामाणिक उत्तर "३४ मिनिटं" एवढंच. तिसऱ्याचं उत्तर दोन अंकांत ३५ होतं, म्हणजे मध्येच केलेली काटछाट शेवटच्या उत्तरात दिसते. हे तिघं दशांशाच्या पुढे वाद घालत बसतात, आणि त्या वादात रसायनशास्त्र नावालाही नाही.

चौथ्याचं मात्र वेगळं आहे. त्याने ६० टक्के "उरलेले" धरले, म्हणजे लॉग (१००/६०) घेतला. आणि हे ओळखायला सर, गाइड, लॉग टेबल यांतलं काहीच लागत नाही. ४५ मिनिटांत ६० टक्के संपलंय. मग निम्मं संपायला ६१ मिनिटं कशी लागतील? ४५ च्या आतच संपलं पाहिजे. एवढं एक वाक्य त्या पुलावर कोणी बोललं असतं, तर चौथ्याला त्याची चूक तिथेच सापडली असती आणि पहिल्या तिघांनाही आपलं उत्तर का बरोबर आहे ते समजलं असतं.

"तुझं किती आलं" या प्रश्नावर माझी पहिली तक्रार हीच. त्यातून आकडा आकड्याशी ताडला जातो. आकडा प्रश्नाशी कोणी ताडत नाही. लॅबमध्ये मी सीनियर स्कॉलर्सनाही हेच करताना बघते: आपला निकाल आधी छापून आलेल्या निकालाशी जुळला की सुटकेचा निःश्वास. पण तो निकाल त्या सिस्टमसाठी शक्य तरी आहे का, ही पाठपोट आकडेमोड कोणी करत नाही.

दुसरी तक्रार बहुमताबद्दल. "आमच्या दहा जणांचं सेम आलंय" हा पुलावरचा हुकमी एक्का. पण ते दहा जण कोण? एकाच क्लासचे, एकाच नोट्स पाठ केलेले, एकाच सरांचं शॉर्टकट सूत्र वापरणारे. सूत्रातच गडबड असेल तर दहाही एकदम चुकतील. ही दहा मतं नाहीत, एकाच मताच्या दहा झेरॉक्स आहेत. संख्याशास्त्रात स्वतंत्र निरीक्षणांना जे मोल आहे ते याच्यासाठी. उल्हासनगरसारख्या गावात तर खरी स्वतंत्र निरीक्षणं सहज मिळू शकतात. शाळा मराठी, हिंदी, सिंधी, इंग्रजी अशा वेगवेगळ्या माध्यमांच्या आहेत. दहावीपर्यंत "क्षपण" आणि "अवक्षेप" म्हणत आलेली मुलगी अकरावीत "रिडक्शन" आणि "प्रेसिपिटेट" शिकते, तेव्हा तिला ती संकल्पना दोनदा उलगडावी लागते. तिचं उत्तर आणि इंग्रजी माध्यमाच्या मुलाचं उत्तर जुळलं तर त्या जुळण्याला जास्त वजन आहे. पण होतं उलटंच. पेपर सुटला की आपापल्या क्लासचे घोळके जमतात, आणि मराठी माध्यमातून आलेली मुलगी घोळक्याच्या कडेला ऐकत उभी असते. (हे मी चिडूनच लिहितेय.)

एकाच पुस्तकातून आलेलं बहुमत किती महागात पडू शकतं, याचं उदाहरण २०२४ च्या नीटमध्ये सगळ्या देशाने पाहिलं. पदार्थविज्ञानातला अणूबद्दलचा एक प्रश्न होता, दोन विधानांचा. दुसऱ्या विधानाचा आशय असा, की प्रत्येक मूलद्रव्याचे अणू स्थिर असतात आणि आपला वैशिष्ट्यपूर्ण वर्णपट देतात. एनसीईआरटीच्या जुन्या पुस्तकात हे विधान होतं, नव्यात ते सुधारलेलं होतं. एनटीएने दोन पर्याय बरोबर धरले: जुन्या पुस्तकाप्रमाणे लिहिणाऱ्यांनाही गुण, नव्याप्रमाणे लिहिणाऱ्यांनाही. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. न्यायालयाने आयआयटी दिल्लीच्या संचालकांना तीन तज्ज्ञांची समिती नेमायला सांगितलं. समितीने कळवलं की बरोबर पर्याय एकच, दुसरं विधान चूक. २३ जुलै २०२४ ला न्यायालयाने तेच मान्य केलं आणि चार लाखांहून जास्त विद्यार्थ्यांचे प्रत्येकी पाच गुण कमी झाले, चार मिळालेले गेले आणि एक निगेटिव्ह.

मुलांच्या बाजूने माझी सहानुभूती पूर्ण आहे. सरकारी पुस्तकात छापलेलं वाचून लिहिलं, त्यात त्यांचा गुन्हा काय? पण संशोधनाच्या तयारीत असलेल्यांनी या प्रकरणातली दुसरी बाजू बघावी. युरेनियम, रेडियम, रेडॉन. किरणोत्सारी मूलद्रव्यं असतात हे त्या प्रत्येक विद्यार्थ्याला त्याच अभ्यासक्रमात शिकवलेलं होतं. "प्रत्येक मूलद्रव्याचे अणू स्थिर" हे वाक्य आणि किरणोत्साराचा धडा एकत्र टिकत नाहीत. पण एका प्रकरणातलं वाक्य दुसऱ्या प्रकरणाशी ताडायचं असतं हे कोणी सांगितलेलंच नसतं, कारण ताडायचं ते फक्त की शी. आणि देशभर जो वाद झाला तोही बहुतेक "कुठल्या आवृत्तीत काय छापलंय" यावरच.

आता थोडं मागे जाऊ, कारण रसायनशास्त्रात "उत्तर जुळत नाही" याची माझी सगळ्यात आवडती गोष्ट १८९२ ची आहे.

लॉर्ड रॅले वायूंची घनता अगदी काटेकोर मोजत होता. नायट्रोजन त्याने दोन वाटांनी मिळवला. एक, हवेतला ऑक्सिजन तापलेल्या तांब्याने काढून टाकून. दुसरी, हवेबरोबर अमोनिया घेऊन. दोन्हींचं वजन सारखं यायला हवं, पण अमोनियाच्या वाटेने आलेला नायट्रोजन साधारण हजारात एक भाग हलका भरला. हजारात एक! आपल्या पुलावरचा कोणीही म्हणेल, "आसपास आहे ना, मग ठीक." रॅलेने 'नेचर'ला पत्र लिहून रसायनशास्त्रज्ञांना विचारलं, की बाबांनो, याचं कारण कोणाला सुचतंय का?

पुढे त्याने जे केलं ते मी दर वर्षी एम.एस्सी.च्या मुलांना सांगते. फरक मिटवायचा प्रयत्न करण्याऐवजी त्याने तो वाढवला. अमोनियाबरोबर हवेऐवजी शुद्ध ऑक्सिजन वापरला, म्हणजे सगळाच नायट्रोजन अमोनियातून येईल. फरक हजारात एकवरून अर्ध्या टक्क्यावर गेला. त्याच्या काचेच्या गोळ्यात हवेतला नायट्रोजन भरला तर २.३१०२ ग्रॅम, रासायनिक संयुगांतून आलेला भरला तर २.२९९० च्या आसपास. आणि हे एकाच पद्धतीवर विसंबून नाही. हवेतून ऑक्सिजन काढताना कधी तापलेलं तांबं, कधी तापलेलं लोखंड, कधी फेरस हायड्रॉक्साइड वापरलं, आकडे एकमेकांना चिकटून आले. संयुगांच्या बाजूला नायट्रिक ऑक्साइड, नायट्रस ऑक्साइड, अमोनियम नायट्राइट अशी वेगवेगळी उगमस्थानं घेतली, तेही आकडे एकमेकांना चिकटून. वेगवेगळ्या वाटांनी येऊन एका गटाचं एक उत्तर आणि दुसऱ्या गटाचं दुसरं. आता फरक मोजमापातला नाही, वायूतलाच आहे असं म्हणायला आधार मिळाला. १८९४ मध्ये रॅले आणि रॅमसे यांनी हवेतल्या नव्या वायूची घोषणा केली. तो आर्गॉन. १९०४ ला दोघांनाही नोबेल मिळालं, रॅलेला पदार्थविज्ञानाचं आणि रॅमसेला रसायनशास्त्राचं.

गंमत म्हणजे हेन्री कॅव्हेंडिशला १७८५ मध्येच हवेतला नायट्रोजन संपवल्यावर एक छोटा बुडबुडा उरलेला दिसला होता. मूळच्या एकशे विसाव्या भागाहून जास्त नाही, असं त्याने लिहूनही ठेवलं. त्या बुडबुड्याकडे पुढे शंभरेक वर्षं कोणी फारसं वळून पाहिलं नाही.

आता आपल्या प्रॅक्टिकलकडे या. इथे माझी टीका जरा कडक आहे, कारण पेपरनंतरची उत्तरजुळणी बिचारी निरुपद्रवी आहे. खरं नुकसान त्याआधीच प्रयोगशाळेत झालेलं असतं. बारावीचा लेखी पेपर ७० गुणांचा आणि प्रॅक्टिकल ३० चं. टायट्रेशनच्या तक्त्यात तीन रकाने असतात आणि शेवटी सी.बी.आर., म्हणजे कॉन्स्टंट ब्युरेट रीडिंग. जर्नल उघडून बघा: १०.१, १०.१, १०.१. पुढच्या पानावर ९.८, ९.८, ९.८. महाराष्ट्रातल्या कुठल्याही गावातलं जर्नल घ्या, हेच दिसेल. ब्युरेटवरचा लहानात लहान भाग ०.१ मिलिलिटरचा, पोटॅशियम परमँगनेटच्या गडद द्रावणात वरची कड वाचायची, फिकट गुलाबी रंग नेमका कुठल्या थेंबाला टिकला हे डोळ्याने ठरवायचं. यात तीनही वेळा एकच आकडा कधीतरी येईलही. पण दर वेळी, दर मुलाचा, दर बॅचला? त्यातून शेजारच्या टेबलवर १०.१ आलंय कळल्यावर आपलं १०.४ खोडून १०.१ करणं, ही उत्तरजुळणीच झाली. फरक इतकाच, की पुलावर उत्तरपत्रिका देऊन झालेली असते, इथे पेन अजून हातात असतं.

शिक्षकांना मी एकट्याने दोष देत नाही. तासात चाळीस मुलं, मोजक्या ब्युरेट, आणि बाहेरून आलेला परीक्षक जर्नल चाळून सही करणार. तीन वेगळी रीडिंग असली की "नीट केलं नाही" असा शेरा बसतो. मग मुलगा नीट दिसणारं लिहायला शिकतो.

आपल्या पट्ट्यात याचा थेट पोटापाण्याशी संबंध आहे. अंबरनाथ, बदलापूरच्या एमआयडीसीत रसायनं आणि औषधं बनवणारे कारखाने आहेत, आणि इथून बी.एस्सी. केमिस्ट्री झालेल्या कितीतरी मुलामुलींची पहिली नोकरी क्यूसीची असते. तिथे पहिल्याच आठवड्यात एक संज्ञा कानावर पडते: ओओएस, आउट ऑफ स्पेसिफिकेशन. नमुन्याचा निकाल ठरलेल्या मर्यादेबाहेर गेला की काय करायचं, याची लेखी कार्यपद्धती. "परत लाव, परत लाव, पास आला की तो लिही" असं चालत नाही. यामागे १९९३ चा अमेरिकेतला एक खटला आहे, अमेरिका सरकार विरुद्ध बार लॅबोरेटरीज. पास होईपर्यंत चाचण्या करत राहायचं आणि आधीचा नापास निकाल कारण न शोधता बाजूला टाकायचा, या प्रथेवर न्यायाधीश वोलिन यांनी तिथे बोट ठेवलं. औषध कंपन्यांच्या आजच्या ओओएस नियमांचा पाया त्यातूनच पक्का झाला. म्हणजे बघा, बारावीला ज्याला "रीडिंग कॉन्स्टंट आणणं" म्हणून गुण मिळतात, त्याच गोष्टीबद्दल चार वर्षांनी नोकरी जाऊ शकते.

प्रश्नपत्रिकेलाही सोडायला नको. आत्ताच्या आराखड्यात बहुपर्यायी प्रश्नांचे दहा गुण, अतिलघुत्तरी आठ, मग दोन, तीन आणि चार गुणांचे प्रश्न, पर्यायांसह. रचना म्हणून वाईट नाही, टप्प्यांना गुण मिळतात हे तर चांगलंच. आपल्या चौथ्या मित्राला सूत्राचे आणि कदाचित मांडणीचेही थोडे मिळतील. पण "तुमचं उत्तर शक्य आहे का ते तपासा" असं कुठे येत नाही, त्यामुळे ६१ मिनिटं लिहिणाऱ्याला थांबून विचार करण्याचा एक अर्धा गुणही नाही. आणि प्रश्न इतके सगळीकडून सारखे, की जागा कुठलीही असो, चालतात. पॉलिमरच्या धड्यात व्हिस्कोज रेयॉन येतो. सेल्युलोज, कॉस्टिक सोडा, कार्बन डायसल्फाइड, झँथेट, शेवटी आम्लात धागा. शहाडची सेंच्युरी रेयॉन उल्हासनगरच्या दाराशी आहे. तिथे सप्टेंबर २०२३ मध्ये स्फोट होऊन कामगार दगावले, आणि बातम्यांत नाव होतं ते याच कार्बन डायसल्फाइडचं. इथल्या मुलाला तो वायू-द्रव काय चीज आहे, किती कमी तापमानाला पेट घेतो, प्रक्रियेनंतर त्याचं काय होतं, हे विचारलं तर त्याचं उत्तर त्याच्या मित्राशी शब्दाला शब्द जुळणार नाही. जुळू नयेच. पण पेपरमध्ये समीकरण विचारतात आणि समीकरण सगळ्यांचं जुळतं.

तुमच्यापैकी जे नेटला बसणार आहेत त्यांना यातलं एक ताबडतोब उपयोगी पडेल. परीक्षेनंतर तात्पुरती आन्सर की येते आणि पैसे भरून आक्षेप घेता येतो. तो लिहिताना "अमुक क्लासच्या की मध्ये पर्याय तीन आहे" हे लिहू नका, त्याला काडीची किंमत नाही. गृहीतकं कोणती, त्यातून पायरीपायरीने काय निघतं, आणि छापलेला पर्याय कुठल्या पायरीवर तुटतो, एवढंच लिहा. सोबत प्रमाणित पाठ्यपुस्तकाचं पान. आणि आक्षेप घ्यायच्या आधी तुमच्याशी सहमत नसलेला एक तरी माणूस शोधा, शक्यतो दुसऱ्या कॉलेजचा.

आता एक गृहपाठ. कोरड्या हवेत नायट्रोजन ७८.०८ टक्के आणि आर्गॉन ०.९३ टक्के आहे. ऑक्सिजन काढून टाकल्यावर उरलेल्या वायूला रॅले नायट्रोजन समजत होता. मोलर वस्तुमानं २८ आणि ४० घ्या, बाकीचे वायू सोडून द्या, आणि हा "नायट्रोजन" शुद्ध नायट्रोजनपेक्षा किती टक्के जड भरेल ते काढा. मग रॅलेच्या २.३१०२ आणि २.२९९० मधला फरक टक्क्यात काढा. दोन्ही आकडे तंतोतंत जुळणार नाहीत. किती फरक राहतो आणि तो कशामुळे असेल, हे आधी एकट्याने लिहून काढा, मित्राला नंतर विचारा. मध्येच राउंड करू नका.